मुशीत जाण्याआधी पुस्तकात पाहा

आमचे विटा गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक यंत्रमाग आणि दुसरी गलाई. खानापूर तालुक्यातील आणि आसपासच्या दुष्काळी पट्ट्यातील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. काश्मीरपासून केरळपर्यंत सराफ पेठेतल्या एखाद्या बोळात भट्टी पेटलेली दिसली, की तिथे आमच्या भागातले मराठी कानावर पडते. दुकान ज्याचे भांडवल त्याचे. पण भट्टीपुढे बसायला आणि तेजाबाचा धूर छातीत घ्यायला आपल्या वस्तीतील पोरेही गेली.

अशाच एका गलाई कामगाराच्या घरी घडलेली हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. हकीकत नाण्यांची आहे, पण तिचे तात्पर्य पुस्तकांचे आहे.

वस्तीत सगळे त्यांना मामा म्हणत. मामा तामिळनाडूत पंचवीस-तीस वर्षे राबून गावी परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर डालड्याचा एक डबा होता. मोडीत आलेल्या मालातून जी नाणी त्यांच्या मनात भरली, ती त्यांनी मजुरीतून पैसे कापून घेऊन ठेवून दिली होती. मामा वारले. डबा माळ्यावर पडून राहिला. नातू बारावी पास झाला, कॉलेजची फी भरायची वेळ आली, तेव्हा डबा खाली उतरला. मोड घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने वरवर पाहून सांगितले, "हे सगळे रुपये युद्धाच्या वेळचे, निम्म्या चांदीचे." परदेशी नाणी त्याने किलोच्या भावाने मागितली.

मामींनी आम्हाला बोलावणे पाठवले. आम्ही म्हणालो, "मामी, आठ दिवस थांबा. आधी बघू या तरी काय आहे."

मामींची सून म्हणाली, "दादा, बघायचं काय त्यात? फीची तारीख जवळ आलीया. डबा ठिवून काय त्येची पूजा घालायची हाय व्हय?"

तिचे चुकले नव्हते. गरिबाच्या घरात आठ दिवस थांबणे हीसुद्धा एक किंमतच असते. मामा हयात असते तर नाणे तळहातावर तोलून त्यांनी टंच सांगितला असता. पण ते सारे ज्ञान त्यांच्या डोक्यात होते आणि त्यांच्याबरोबर गेले. पुस्तकात असते तर घरात राहिले असते.

आमचा चुकलेला हिशेब

आम्ही कॉमर्सचे पदवीधर आणि पेशाने कारकून. तरीही नाण्यांच्या पुस्तकात आमचा जमाखर्च पहिल्याच खेपेला चुकला होता. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात आम्ही जागतिक नाण्यांचा एक जाडजूड ग्रंथ स्वस्तात मिळाला म्हणून उचलला. एवढ्या पानांचे पुस्तक एवढ्या पैशांत, या आनंदात आत डोकावलेच नाही. घरी येऊन पाहतो तर तो एकोणिसाव्या शतकाचा खंड. आमच्याकडची नाणी मात्र सगळी १९०१ नंतरची! एवढे मोठे पुस्तक आणि त्यात आमचे एकही नाणे नाही. म्हणून पहिला धडा असा, की पुस्तक जाडीवर किंवा किमतीवर घेऊ नये. आपल्या डब्यात काय आहे, ते आधी पाहावे.

डबा चटईवर ओतावा आणि नाण्यांचे तीन ढीग करावेत. पहिला भारताच्या नाण्यांचा, दुसरा परदेशी पण अक्षरे किंवा आकडे वाचता येतात अशांचा, तिसरा मुळीच वाचता न येणाऱ्यांचा. मग वाचता येणारी वर्षे कागदावर लिहावीत. बहुतेक कष्टकरी घरांत नाणी विसाव्या शतकातील निघतात. कोणी आखाती देशांत कामाला गेलेला असतो, कोणी जहाजावर, कोणी सैन्यात. अशा घराला एका शतकाचा एकच खंड पुरतो.

कोणते पुस्तक घ्यावे?

जगभरच्या नाण्यांचा सर्वांत प्रसिद्ध संदर्भग्रंथ म्हणजे 'स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ वर्ल्ड कॉइन्स'. अमेरिकेतील चेस्टर क्राउस आणि क्लिफर्ड मिशलर यांनी तो १९७२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. पुढे नाण्यांची संख्या वाढत गेली तसे शतकवार खंड झाले : १६०१ ते १७००, १७०१ ते १८००, १८०१ ते १९००, १९०१ ते २००० आणि २००१ नंतरचा. विसाव्या शतकाचाच खंड दोन हजारांहून अधिक पानांचा आहे. प्रत्येक नाण्याला त्यात एक क्रमांक दिलेला असतो. क्राउस आणि मिशलर यांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'केएम' क्रमांक म्हणतात. जगातला कोणताही नाणेविक्रेता हा क्रमांक सांगितला की नाणे ओळखतो.

२०१९ मध्ये हा ग्रंथ काढणारी मालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि दरवर्षी नवी आवृत्ती येण्याचा शिरस्ता मोडला. पण त्याने आपले काही अडत नाही, कारण जुनी आवृत्तीही आपल्या कामाची आहे. नाण्याचे वजन, धातू, वर्ष आणि टांकसाळ बदलत नाही. बदलते ती फक्त किंमत, आणि तीही या ग्रंथात अमेरिकेच्या बाजारातील डॉलरची असते. तो आकडा पाहून कोणी घराचे स्वप्न रंगवू नये. जुनी आवृत्ती ओळख पटवण्यासाठी घ्यावी, भाव आपल्या बाजारात दोन-तीन ठिकाणी विचारावा.

याहून लहान आणि स्वस्त पुस्तक हवे असेल तर आर. एस. योमन यांचा १८५० नंतरच्या जागतिक नाण्यांचा जुना कॅटलॉग जुन्या पुस्तकांत शोधावा. नवशिक्या मुलाच्या हातात तो दोन हजार पानांच्या ग्रंथापेक्षा बरा. भारतीय नाण्यांची तोंडओळख हवी असेल तर नॅशनल बुक ट्रस्टने काढलेले डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांचे 'कॉइन्स' हे छोटेखानी पुस्तक आहे. याच गुप्तांच्या पुढाकाराने १९८० मध्ये नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या या संस्थेत नाण्यांचे संग्रहालय आहे. मराठेशाहीतील टांकसाळी आणि नाणी यांवरचा महेश्वरी आणि विगिन्स यांचा इंग्रजी ग्रंथ १९८९ मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केला. लेणी पाहायला नाशिकला जाणाऱ्यांनी अर्धा दिवस अंजनेरीसाठी काढावा.

इंग्रजीची भीती नको

'पुस्तक इंग्रजीत आहे, आमच्या पोराला काय कळणार?' असे आईबाप म्हणतात. वस्तुतः या ग्रंथात वाक्ये थोडी आणि आकडे फार. पंचवीस-तीस शब्द आले की काम भागते. ऑब्व्हर्स म्हणजे नाण्याची दर्शनी बाजू, रिव्हर्स म्हणजे मागील बाजू, एज म्हणजे कड. मिंटेज म्हणजे त्या वर्षी पाडलेल्या नाण्यांची संख्या. किमतीच्या रकान्यांवर एफ, व्हीएफ, एक्सएफ आणि यूएनसी अशी अक्षरे असतात. एफ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेले, व्हीएफ म्हणजे त्याहून बरे, एक्सएफ म्हणजे किंचित झिजलेले, आणि यूएनसी म्हणजे हातोहात न फिरलेले, टांकसाळीतून आल्यासारखे नाणे. आपले झिजलेले नाणे हातात धरून लोक नेमका यूएनसीचा रकाना वाचतात आणि मग दुकानदाराशी भांडतात. हे शब्द मुलाने वहीत मराठी अर्थासह लिहून काढावेत. नाण्यांच्या निमित्ताने इंग्रजी, भूगोल आणि गणित तिन्ही होतात.

गणित म्हणण्याचे कारण असे, की सगळे देश वर्ष एकाच पद्धतीने मोजत नाहीत. थायलंडच्या नाण्यावर बुद्धवर्ष असते. त्यातून ५४३ वजा केले की इसवी सन मिळतो. २५३० असेल तर १९८७. नेपाळच्या नाण्यावर विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करावेत. सौदी अरबस्तानच्या नाण्यावर हिजरी वर्ष असते. १४०८ म्हणजे १९८७-८८. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष लिहितात. शोवा ५० म्हणजे १९७५. ज्या पुस्तकात अशा कालगणनांचे कोष्टक आणि निरनिराळ्या लिप्यांतील आकड्यांचा तक्ता आहे, तेच पुस्तक घ्यावे. तिसरा, म्हणजे वाचता न येणारा ढीग त्याच दोन पानांच्या जोरावर सुटतो.

आणि आपल्या घरांतील मुलांना या ढिगात आपले असे पुष्कळ सापडेल. राजा भूमिबल यांच्या काळातील थायलंडच्या दहा बाथच्या नाण्यावर वाट अरुण हे बौद्ध मंदिर आहे, पाच बाथच्या नाण्यावर वाट बेंचमबोफित. जपानच्या दहा येनवर उजी येथील ब्योदो-इन या बौद्ध मंदिराचे सभागृह आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचे जुने पाहायचे तर कनिष्काच्या सुवर्णनाण्यावर तथागतांची उभी मूर्ती आहे आणि शेजारी ग्रीक अक्षरांत 'बोद्दो' लिहिले आहे. ते मात्र पुस्तकातच पाहावे. बाजारात कोणी विकायला आणले तर नकली समजून दूर राहावे.

मामांच्या डब्यात काय निघाले?

आम्ही पुण्याच्या एका संग्राहकांकडे विसाव्या शतकाचा खंड आहे असे ऐकून होतो. डब्यातली नाणी रुमालात बांधून, नातवाला बरोबर घेऊन एका रविवारी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ग्रंथ पुढे ठेवला आणि म्हणाले, "तुम्हीच शोधा."

चांदीचे रुपये १९ होते. ग्रंथात वाचले ते असे : १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेन वजनाचा ठरला, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. त्यातील १६५ ग्रेन शुद्ध चांदी, म्हणजे बारा भागांत अकरा. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. १९४० पासून वजन तेवढेच राहिले, पण चांदी निम्म्यावर आली. १९४७ चे रुपये तर निकेलचे आहेत. मामांच्या १९ रुपयांपैकी ११ रुपये १९४० च्या आधीचे निघाले. व्यापारी मात्र सगळ्यांना निम्म्या चांदीचे म्हणत होता. नातवाने तिथेच कागदावर हिशेब मांडला. फीतला केवढा भाग त्या एका वाक्यात बुडणार होता, हे पाहून पोरगा गप्प झाला.

संग्राहकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. १९३८ चा आणि १९३९ चा रुपया दिसायला सारखे, चांदीही तेवढीच. पण १९३९ चा फार थोडा सापडतो आणि संग्राहक त्याला कितीतरी पट मोजतात. म्हणूनच त्याची नकलही होते. मुशीत दोन्हींची चांदी एकच. फरक फक्त पुस्तक जाणते.

उरले एक मोठे जड नाणे. कडेला अनोळखी गोल गोल अक्षरे. आकडे मात्र वाचता येत होते. वजन केले, २८ ग्रॅमहून थोडे अधिक भरले. नातवाने श्रीलंकेची पाने चाळली, सापडेना. संग्राहक म्हणाले, "बाळ, तेव्हा त्या देशाचे नाव काय होते?" सिलोनच्या पानावर नाणे सापडले. १९५७ चे चांदीचे पाच रुपये. बुद्ध जयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त काढलेले! त्यांतली बरीच नाणी पुढे परत वितळवली गेली, हेही समजले.

वाचकहो, ज्या २५०० व्या बुद्ध जयंती वर्षात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला धम्माची वाट दाखवली, त्याच जयंतीचे हे नाणे. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारानंतर सिलोनच्या चहामळ्यांतील तमिळ मजूर मोठ्या संख्येने तामिळनाडूत परत पाठवले गेले. त्यांच्यापैकीच कोणी गरजेपोटी ते मोडीत घातले असावे. एका मजुराने विकले, दुसऱ्या मजुराने मुशीतून वाचवले. मामांना सिंहली येत नव्हते. ते नाणे त्यांनी का ठेवून घेतले, हे आता कोणाला विचारणार?

बाबासाहेबांची रुपयाची चौकशी

काहींना वाटेल, नाणी जमवणे हा श्रीमंतांचा शौक. आपल्या माणसाने त्यात कशाला पडावे? त्यांनी एवढेच आठवावे, की बाबासाहेबांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ज्या प्रबंधावर मिळाली, तो रुपयाच्या प्रश्नावरचा होता. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा तो ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात मोगलांच्या मोहोर-रुपयापासून १८३५ च्या कायद्यापर्यंतचा प्रवास आहे. रुपयात चांदी किती आणि ती कोणाच्या फायद्याची, हा प्रश्न त्यांनी शौकासाठी विचारला नव्हता. शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात हा ग्रंथ आहे. नाण्यांच्या कॅटलॉगशेजारी तो खंड ठेवावा. पहिले पुस्तक नाणे काय आहे ते सांगते, दुसरे ते तसे का आहे ते सांगते.

नाण्याने इतिहास कसा उभा राहतो, याचा दाखला आपल्या राज्यातच आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडल्याचा तो धातूचा पुरावा ठरला. याच नहपानाचा जावई उषवदात याने त्रिरश्मी लेण्यांतील भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापण दान दिले. ते गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले, २००० दरमहा शेकडा एक आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने, असे तिथल्या शिलालेखात कोरले आहे. आमच्या विट्यातील मागवाल्यांनी हे मुद्दाम ऐकावे. संघाचा पैसा सांभाळण्याचा विश्वास त्या काळी विणकरांवर टाकला गेला होता.

खरेदी करताना

जुने पुस्तक घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. खंड कोणत्या शतकाचा, ते मुखपृष्ठावर वाचावे. भारताची आणि सिलोनची पाने उघडून ती शाबूत आहेत ना पाहावे. विकणारे कधी कधी मधली पाने फाडलेली प्रत देतात. नाण्यांचे फोटो स्पष्ट हवेत, वजन आणि धातू दिलेला हवा. नुसत्या किमती छापलेली चकचकीत पुस्तिका घेऊ नये. ती वर्षभरात रद्दी होते. मुंबईत फोर्टच्या पदपथांवर, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि नाण्यांच्या प्रदर्शनांत चौकशी करावी. पहिल्या दिवशी फक्त भाव विचारावा, पैसे घरी ठेवून जावे.

आता मोबाईलवर 'न्युमिस्टा'सारखे जागतिक नाण्यांचे कॅटलॉग फुकट पाहता येतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण त्याच मोबाईलवर 'जुन्या नाण्याला लाखो रुपये' अशा जाहिराती येतात. आधी 'नोंदणी फी' भरा म्हणतात आणि पैसे गेले की फोन बंद. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे प्रकार चालल्याने ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः लोकांना सावध केले. पुस्तक कोणाकडे फी मागत नाही.

कायद्याचेही भान हवे. चालू नाणी वितळवणे २०११ च्या नाणे कायद्याने मना आहे. शेत नांगरताना, पाया खणताना जुन्या नाण्यांचा साठा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांपलीकडची नाणी परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि एक घरगुती सूचना : चिंचेने, राखेने किंवा तेजाबाने नाणी घासू नयेत. चकाकी येते, किंमत जाते.

पाच घरांचे एक पुस्तक

मामींच्या घरी त्या आठ दिवसांनंतर काय झाले? साधे रुपये विकले. ११ आणि ८ असे वेगळे तोलून, दोन भावांनी विकले. फीचा पहिला हप्ता भरला. उरलेली परदेशी नाणी तपासली, तर बहुतेकांना विशेष किंमत नव्हती. ती नातवाच्या वहीत क्रमांकासह लागली. सिलोनचे नाणे विकायचे का, असे आम्ही विचारले. सून आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे दादा. मामंजींनी मुशीतनं काढलंय, आपण कशाला परत घालायचं?"

त्यानंतर वस्तीतील पाच घरांनी वर्गणी काढली आणि विसाव्या शतकाच्या खंडाची एक जुनी प्रत घेतली. एकट्याला ती परवडली नसती. वर्गणीचा हिशेब आमच्या वहीत आहे. पुस्तक विहाराच्या कपाटात असते, घरी न्यायचे नाही असा नियम आहे. रविवारी वंदनेनंतर मुले डबे घेऊन येतात. गलाईवरून सुटीला आलेली दोन-तीन पोरेही आता येऊन बसतात. त्यांना टंच कळतो, मुलांना इंग्रजी कळते. पुस्तक मध्ये ठेवून दोघेही एकमेकांना शिकवतात.

राजगृह बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधले. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण प्रत्येक विहारात एक कपाट आणि कपाटात एक उपयोगाचे संदर्भपुस्तक, एवढे जमेल. ज्यांच्या माळ्यावर असा डबा असेल त्यांनी तो भट्टीकडे नेण्याआधी एकदा विहाराकडे आणावा. मुशीत गेलेले नाणे पुन्हा नाणे होत नाही.

जय भीम!